गेट ५४८, सीजीपीए ७.१ आणि घरी सगळे म्हणून राह्यले "आता स्कोअर कोणी पाहत नाही". खरं काय?

मेक_पोट्टा_बुटीबोरी:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

मी मेकॅनिकलचा, हिंगणा रोडकडच्या एका प्रायव्हेट कॉलेजातून पास झालो, सीजीपीए ७.१. सध्या बुटीबोरी एमआयडीसीत जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) आहे, म्हणजे दिवसभर मेंटेनन्सवाल्यांच्या मागे पळायचं आणि रात्री कंपनीच्या बसमध्येच झोपायचं. त्यातच जमेल तसा अभ्यास करून गेट (एमटेक प्रवेशासाठीची परीक्षा) दिली, स्कोअर ५४८ आला, ओपन कॅटेगरी. मला थर्मलमध्येच पुढे करायचं आहे, एवढं पक्कं आहे.

आता घरी दोन पार्ट्या पडल्या आहेत. बाबा म्हणतात सीसीएमटी (एनआयटीसारख्या कॉलेजांतल्या एमटेक प्रवेशाचं काउन्सेलिंग) भर, व्हीएनआयटी (नागपूरचं एनआयटी) घराजवळ आहे, मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि मावसभाऊ डॅलसमध्ये आहे तो म्हणतो कशाला गेटच्या भानगडीत पडला, अमेरिकेत आता जीआरईपण (तिकडच्या एमएस-पीएचडी प्रवेशाची परीक्षा) कोणी मागत नाही, डायरेक्ट अप्लाय कर, तिकडे "होलिस्टिक", म्हणजे एका आकड्याऐवजी पूर्ण अर्ज पाहतात म्हणे. हे ऐकून आई खूश, कारण तिला वाटते आता परीक्षाच नाही म्हणजे सोप्पं झालं.

मला जे समजत नाही ते असं की इथे एका आकड्यावर सगळं आणि तिथे आकडाच नको, असं कसं? माझ्यासारख्या ७.१ वाल्याला, ज्याच्या कॉलेजचं नाव वर्ध्याच्या पलीकडे कोणाला माहीत नाही, नेमकं कुठे बरं आहे? आणि जीआरई ऑप्शनल असली तर द्यावी का सोडावी? वीस हजारांच्या वर फी आहे, माझ्या पगारात ती जाणवते. कोणी केलं असेल तर सांगा.

---

टी_पॉइंट_वाला:

भावा पहिले इकडचं पाहू, अमेरिका नंतर.

५४८ म्हणजे काय ते तरी तुला माहीत आहे का? अर्ध्या पोट्ट्यांना वाटते १००० पैकी मार्क आहेत. तसं नाही. पेपर १०० मार्कांचा, ६५ प्रश्न, ३ तास. तुझ्या पेपरचा क्वालिफाइंग मार्क जिथे असेल तिथे ३५० स्कोअर बांधलेला आहे, आणि वरच्या ०.१ टक्का लोकांची (किंवा वरच्या १० जणांची, जे जास्त भरेल ते) जी सरासरी येते तिथे ९००. मधलं सगळं सरळ रेषेत वाटून टाकतात. समजा क्वालिफाइंग ३० आहे, वरच्यांची सरासरी ८५ आली आणि तुला ५० मार्क पडले, तर ३५० अधिक ५५० गुणिले २० भागिले ५५, म्हणजे बरोबर ५५०. एका मार्काला १० पॉइंट पडले. आता पाह्य, दोन मार्कांचा एक एमसीक्यू (दिलेल्यांतून एक उत्तर निवडायचा प्रश्न) चुकला तर ते दोन तर गेलेच, वरून दोन तृतीयांश निगेटिव्ह, म्हणजे एका तुक्क्यात सव्वीस-सत्तावीस पॉइंट खल्लास. आणि एनआयटीच्या क्लोजिंगमध्ये (शेवटची सीट ज्या स्कोअरवर जाते तो) एवढ्या फरकात ब्रँच बदलते. म्हणून मी ज्युनिअर लोकांना सांगत असतो, एनएटी (उत्तराचा आकडा स्वतः लिहायचा) आणि एमएसक्यूला (एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात) निगेटिव्ह नाही तिथे रिकामं सोडू नका, आणि एमसीक्यूत हिरोगिरी करू नका. जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे १५ मार्क आहेत, ते पण लोक असेच वाया घालवतात.

दुसरी गोष्ट, तुझा ७.१. सीसीएमटीत सीजीपीए फक्त उंबरठ्यापुरता आहे, ओपनला ६.५ किंवा ६० टक्के लागतात, ते झाले की पुढे मेरिट गेट स्कोअरचंच. ७.१ असो का ९.४ असो, तिथे काही फरक पडत नाही. हे तुझ्यासाठी चांगलं आहे न बे! तुझ्या कॉलेजचं नाव कोणी वाचणार नाही.

व्हीएनआयटीत हीट पॉवर आहे, तुझं थर्मल ते तेच. मागच्या वर्षांचे ओपनिंग-क्लोजिंग स्कोअर सीसीएमटीच्या साईटवर राऊंडनुसार टाकलेले असतात, ते पाहून चॉईस भर, कोण्या काकाच्या सांगण्यावरून नको. आणि शेवटच्या राऊंडपर्यंत दम धर, नॅशनल स्पॉट राऊंडमध्ये बरंच हलते कारण पीएसयू (सरकारी कंपनीतली नोकरी) आणि आयआयटी मिळालेले लोक सीट सोडून जातात.

सीट मिळाली की महिन्याला १२,४०० स्टायपेंड, त्यासाठी आठवड्याला ८ तास टीए-शिप (शिकवण्यात मदत). वर्षं झाली तेवढाच आहे, वाढवायचं कोणाच्या मनात दिसत नाही, पण घरी राहून एमटेक केलं तर तुझा पेट्रोल-चहा निघून जाईल.

---

अंबाझरी_ते_अ‍ॅरिझोना:

मी मूळची नागपूरचीच, त्रिमूर्तीनगर. इथे अमेरिकेत एमएस केलं, आता पीएचडी चालू आहे, आणि आमच्या डिपार्टमेंटमध्ये अर्ज पहिल्या चाळणीत वाचायला स्टुडंट्सनापण बसवतात, तर दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

तुझा मावसभाऊ अर्धं बरोबर सांगतोय. २०२० मध्ये कोविडमुळे सेंटर बंद झाली, तेव्हा खूप डिपार्टमेंट्सनी जीआरई काढली आणि बऱ्याच जणांनी परत आणलीच नाही. पण "मागत नाही" याचे तीन वेगळे अर्थ आहेत आणि लोक ते एकात गुंडाळतात. काही ठिकाणी घेतच नाहीत, बर्कलेचं ईईसीएस (इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरचं डिपार्टमेंट) बघ, तू पाठवला तरी वाचणार नाहीत. काही ठिकाणी कंपल्सरी आहे, आजही. आणि मधला मोठा गठ्ठा "ऑप्शनल" वाला, तिथेच सगळा गोंधळ आहे. आणि हे युनिव्हर्सिटीनुसारपण नाही, डिपार्टमेंटनुसार असतं, एकाच युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलचं वेगळं आणि सीएसचं वेगळं असू शकतं, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामचं पान स्वतः उघडून वाच.

आता कोणी फारसं बोलत नाही ते. जीआरई काढली तर फाईलमध्ये काय उरतं? ट्रान्सक्रिप्ट (मार्कांचा कागद), एसओपी (स्वतःबद्दलचं निवेदन), तीन रेकमेंडेशन लेटर, रिसर्च केला असेल तर तो. आता तुझ्या फाईलकडे बघ. ट्रान्सक्रिप्टवर ७.१, आणि आपल्या युनिव्हर्सिटीत ७.१ म्हणजे वर्गात कितवा हे इथल्या प्रोफेसरला कळायला काही मार्ग नाही. रिसर्च, आपल्याकडच्या प्रायव्हेट कॉलेजात बीईला किती जणांना मिळतो? आणि लेटर! माझ्या कॉलेजात सर म्हणाले होते "तूच लिहून आण, मी सही करतो", आणि त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे असे चाळीस जण रांगेत. त्या चाळीस लेटरमध्ये "sincere" आणि "hardworking" चं जे मराठीत होतं तेवढंच, मेहनती आणि प्रामाणिक. इथे वाचणाऱ्याला ते कोरं पान वाटतं. उलट ज्याने आयआयटीत किंवा मोठ्या ठिकाणी समर इंटर्नशिप केली त्याचं लेटर असं येतं की या मुलाने अमुक कोड लिहिला, तमुक एक्सपेरिमेंटमध्ये एरर शोधला.

म्हणजे परीक्षा गेली म्हणून चाळणी गेली असं नाही. ती जिथे ओळख, नाव आणि संधी लागते तिकडे सरकली. आपल्यासारख्यांसाठी तीन तासांचा पेपर हा एकमेव असा कागद होता की जो कॉलेजचं नाव न विचारता बोलायचा. ज्यांच्या कॉलेजला सगळे ओळखतात त्यांना तो नसला तरी चालतो.

तरीपण जीआरईच्या बाजूने मी फार उभी राहणार नाही, कारण इंजिनिअरिंगवाल्यांसाठी तिचा क्वांट (गणिताचा भाग) अगदी दहावी-बारावीचा आहे आणि तिथे इतकी गर्दी आहे की १७० पैकी १७० पडले तरी पर्सेंटाईल ९० च्या आसपासच येतो. वर जागाच नाही. चांगल्या स्कोअरने तू वेगळा दिसत नाहीस, वाईट स्कोअरने मात्र दिसतोस. तुला थर्मोडायनॅमिक्स येतं का हे त्यातून काहीच कळत नाही. गेट त्या बाबतीत कितीतरी खरी परीक्षा आहे. म्हणून इथल्या लोकांना मी सांगत असते की भारतीय मुलाने गेटचा स्कोअर सीव्हीत लिहिला असेल तर तो वाचा, पण सगळ्यांना त्याचा अर्थ लागतोच असं नाही, तुला एका ओळीत समजावून सांगावं लागेल.

आणि आईंना सांग, परीक्षा नाही म्हणजे सोपं असं नाही, टोफेल किंवा आयईएल्टीएस तर द्यावीच लागते. शिवाय स्वतःच्या पैशाचं एमएस मिळणं आणि फंडेड पीएचडी मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पैसे भरणाऱ्याला प्रवेश देताना युनिव्हर्सिटी बरीच उदार होते.

---

चिमूरकर:

ताई तुमचं सगळं पटलं पण हा "परीक्षा म्हणजे गरिबाचा आधार" वाला सूर मले पचत नाही. काऊन की परीक्षेची तयारी कोणाले परवडते? धरमपेठेत, बजाजनगरात क्लासच्या पाट्या पाहा. फी भरा, रूम करा, मेस लावा, एक वर्ष नोकरी नाही. हा पोट्टा शिफ्ट करून ५४८ आणते आणि याच्या बाजूले बसणारा वर्षभर फक्त गेटच करून ६५० आणते, तर कोण जास्त हुशार? स्कोअर ते सांगते का? नाही सांगत.

आणि दुसरं, आयआयटीत बीटेक केलेल्याचा सीजीपीए ८ च्या वर असला तर त्याले आयआयटीत एमटेकले गेटच लागत नाही. म्हणजे परीक्षा फक्त आमच्यासाठीच! त्याच्या कॉलेजवर विश्वास आहे, आमच्यावर नाही, म्हणून आम्ही पेपर द्या. मग "कॉलेजचं नाव कोणी वाचत नाही" हे काय खरं आहे?

---

टी_पॉइंट_वाला:

@चिमूरकर शेवटचा पॉइंट जबरदस्त आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण क्लासचं म्हणशील तर गेटमध्ये तरी ते तेवढं खरं नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्याच प्रोफेसर लोकांची लेक्चर फुकट पडून आहेत, २००३ पासून तो प्रोजेक्ट चालू आहे, मागचे पेपर फुकट, सिलॅबस बीईचाच. क्लासवाले टाईमटेबल विकतात, बाकी काही नाही. रेकमेंडेशन लेटर मात्र कोणत्याच वेबसाईटवर फुकट मिळत नाही, काय करतो सांग.

---

चिमूरकर:

होय, ते आहे. पण टाईम फुकट मिळत नाही बाप्पा, माझं म्हणणं तेवढंच होतं.

---

गिंडी_गेट:

मी आयआयटी मद्रासला एमएस बाय रिसर्च करून राह्यलो आहे, नागपूरचाच, तर एक तिसरा रस्ता सांगतो जो या पूर्ण धाग्यात कोणी काढला नाही.

स्कोअर किती महत्त्वाचा हे दार कोणतं आहे त्यावर आहे. सीसीएमटीत स्कोअर म्हणजेच सगळं. आयआयटीच्या कोर्सवर्कवाल्या एमटेकमध्येही बहुतेक तसंच, ऑफर सीओएपीवर (आयआयटींच्या ऑफरचं पोर्टल) येतात. पण रिसर्चवाल्या डिग्रीत, मद्रासचं एमएस, दिल्लीचं एमएस-आर, असे जे आहेत तिथे स्कोअर हा लग्नातल्या पत्रिकेसारखा आहे, जुळली नाही तर पुढची बोलणी नाही, जुळली म्हणून लग्न ठरलं असंही नाही. शॉर्टलिस्ट झाला की टेस्ट किंवा इंटरव्ह्यू आणि तिथे पाच प्रोफेसर समोर बसून विचारतात.

मला विचारलं होतं की सपाट प्लेटवर बाउंडरी लेयर (प्लेटलगतचा मंदावलेला थर) काढ. काढला. मग म्हणे जाडी पुढे पुढे का वाढते, फॉर्म्युला नको, कारण सांग. मग म्हणे प्लेट गरम केली आणि हवेऐवजी तेल घेतलं तर थर्मल बाउंडरी लेयर (गरम थर) वेगाच्या लेयरच्या आत राहील का बाहेर. प्रांटल नंबर मोठा म्हणजे आत, हे गेटला आपण एका मार्कात टिक करून येतो, तिथे मात्र त्याच्यावर वीस मिनिटं गेली. माझ्यापेक्षा बराच जास्त स्कोअर असलेला एक जण त्याच दिवशी बाहेर आला आणि म्हणाला फॉर्म्युले सगळे आठवले, पण "का" विचारलं की अडकलो. त्याचं झालं नाही.

तुला बुटीबोरीचा अनुभव आहे तो इथे कामाला येतो, आणि सीसीएमटीत तो शून्य आहे. प्लांटमध्ये हीट एक्सचेंजर, बॉयलर, कॉम्प्रेसर, काहीतरी हाताखालून गेलंच असेल न? त्याच्यावर तीन प्रश्न उलटसुलट विचार करून ठेव.

एक गोष्ट नीट लक्षात घे, दरवर्षी पोट्टे इथेच फसतात. सीओएपीवर नाव नोंदवलं म्हणजे आयआयटीला अर्ज झाला असं नाही. प्रत्येक आयआयटीच्या साईटवर जाऊन वेगळा फॉर्म, वेगळी फी. सीओएपीवर फक्त ऑफर दिसतात आणि तू हो-नाही म्हणतो. आणि गेटचा रिझल्ट मार्चमध्ये आला की हे फॉर्म लगेच उघडतात न लवकर बंद होतात, सीसीएमटीची वाट पाहत बसला तर आयआयटी गेल्या.

---

कोराडी_युनिट_५:

मी रिटायरमेंटला आलेला माणूस, एमटेकचं मला काही कळत नाही. पण बाळा, तोच स्कोअर एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या ठिकाणी नोकरीसाठी पण चालतो, जाहिरातीत त्या वर्षाचाच स्कोअर मागतात बहुधा, ते वाचून घे. आमच्या वेळी असा एक पेपर देऊन दोन्हीकडे अर्ज करायची सोय नव्हती.

---

मेक_पोट्टा_बुटीबोरी:

काका, धन्यवाद, पण ५४८ वर ओपनमधून पीएसयूचा इंटरव्ह्यू कॉल येईल असं मला वाटत नाही, तरी जाहिराती पाहून ठेवतो.

सगळ्यांचं वाचून डोकं बरंच जागेवर आलं. गिंडी_गेट दादा, आमच्याकडे प्लांटमध्ये शेल अँड ट्यूब हीट एक्सचेंजर आहे आणि कूलिंग वॉटर खराब असल्यामुळे फाउलिंग (आत थर साचणं) इतकं होते की दर वेळी शटडाऊन घ्यावा लागते, मी त्याचा टेम्परेचरचा डेटा एक्सेलमध्ये भरत असतो, कोणी सांगितलं नव्हतं, असंच. हे चालेल का?

आणि ताई, एक विचारायचं होतं, समजा या वर्षी काहीच नाही झालं आणि पुढच्या वर्षी बाहेर ट्राय केलं तर जीआरई द्यायची का नाही ते अजून ठरत नाहीये. आणि लेटर कोणाकडून घेऊ? कॉलेजचे एचओडी मला ओळखणारपण नाहीत.

---

अंबाझरी_ते_अ‍ॅरिझोना:

जीआरईचं असं कर. आधी आठ-दहा प्रोग्रामची यादी काढ आणि प्रत्येकासमोर लिही: घेत नाहीत, हवीच, ऑप्शनल. "हवीच" वाले तुला खरंच आवडत असतील तर दे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली आहे, दोन तासांच्या आत संपते, घरूनही देता येते, आणि स्कोअर पाच वर्षं चालतो. फुकटचा मॉक देऊन बघ. क्वांट १६५ च्या वर सहज जात असेल तर ऑप्शनलवाल्यांनाही पाठव, कारण तुझा ७.१ आणि अनोळखी कॉलेज, फाईलमध्ये एक तरी आकडा असा असू दे की जो त्यांना वाचता येतो. १६० च्या खाली अडकत असेल तर पैसे वाचव. चार ठिकाणी स्कोअर फीमध्येच पाठवता येतो, पुढे प्रत्येकाला वेगळे पैसे, म्हणून परीक्षेच्या दिवशी ती चार नावं तयार ठेव. आणखी एक, गहाण ठेवायला काही नसेल तर लोन देणाऱ्या काही कंपन्यापण जीआरई विचारतात, आपल्या मिडलक्लास घरांत ही गोष्ट अ‍ॅडमिशनपेक्षा मोठी ठरते कधी कधी.

आणि तुझा गेट स्कोअर तीन वर्षं जिवंत आहे, तो फक्त भारतापुरता समजू नकोस. सिंगापूरला एनयूएस, एनटीयूत रिसर्च डिग्रीसाठी भारतीय मुलांचा गेट चालतो. जर्मनीतही काही प्रोग्राम जीआरई किंवा गेट दोन्हीतलं एक मागतात. तिकडे आता एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाच्या कागदांच्या पडताळणीचं) लागतं, त्याला वेळ लागतो, आधी सुरू कर.

लेटरचं: एचओडीच्या नावामागे लागू नको. ज्या सरांकडे फायनल इयर प्रोजेक्ट केला त्यांना जाऊन भेट, फोनवर नको, आणि सोबत एक पान घेऊन जा ज्यात तू प्रोजेक्टमध्ये स्वतः काय केलं ते लिहिलेलं असेल, म्हणजे ते लिहिणार असोत की सही करणार असोत, मजकूर तरी तुझा खरा असेल. एक लेटर प्लांटमधल्या सिनिअरचं घे. एमएसला चालतं.

---

गिंडी_गेट:

फाउलिंगचा डेटा चालेल का म्हणून काय विचारतो बे, इंटरव्ह्यूमध्ये पोट्टे तेच तेच बीईचे प्रोजेक्ट सांगतात, तू पहिला असशील जो म्हणेल की माझ्या एक्सचेंजरचा ओव्हरऑल हीट ट्रान्सफर कोइफिशियंट दिवसागणिक पडताना मी पाह्यला. चारही टेम्परेचर आहेत का तुझ्याकडे, गरम इन-आउट आणि थंड इन-आउट? आणि फ्लो? फ्लो नसेल तर पंपाच्या कर्व्हवरून काढता येते का पाह्य. एलएमटीडी (टेम्परेचर फरकाची लॉग सरासरी) लाव, यू (तोच कोइफिशियंट) काढ, दिवसांसमोर ग्राफ काढ. पण कंपनीचा डेटा आहे, बाहेर दाखवायच्या आधी साहेबांची परवानगी घे, आणि तेच साहेब लेटर देतील तर दोन्ही कामं एका चहात होतात.

ग्राफ झाला की कंपनीचं नाव काढून इथे टाक, मी पाहून सांगतो कुठे खोदून विचारतील ते.